उडदाचा दाणा बुडेल इतकं पाणी

अमरावती, ६ ऑक्टोबर २०२४

चि. मोरोपंत,

आशीर्वाद. हे अक्षर डाव्या हाताचं आहे, तेव्हा वाचताना चष्मा पुसत बसू नकोस, दोष काचेचा नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. चोवीस ऑगस्टला माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय रुसला आणि जीभ जड झाली. तेव्हापासून फोनवर जो तो माझी वाक्यं पूर्ण करून देतो. मंगळवारी मी नुसतं ‘थ’ म्हटलं, तर ‘थकलीस ना ताई’ म्हणून तू मोकळा झालास. मला थर्मास म्हणायचं होतं. कागद मधेच बोलत नाही. गंमत अशी, की चहात साखर कमी टाक, हे मैनाबाईला सांगायला मला तीन मिनिटं लागतात आणि अख्खं पुरुषसूक्त मी एका दमात म्हणते. डॉक्टर म्हणतात, पाठांतर मेंदूत वेगळ्या जागी राहतं. म्हणजे लहानपणी दादांनी कान पिळून जे भरलं, त्याला गुठळीसुद्धा हात लावू शकली नाही.

आता मुद्दा. तुझं म्हणणं, ताईने अकोल्याला यावं, आराम करावा आणि लेकीचं, अवनीचं, लग्न दुसऱ्या कुणाकडून लावून घ्यावं. हा तुझा पूर्वपक्ष. त्याचं खंडन एका ओळीत होतं: सोळा फेब्रुवारीला अवनीचं लग्न मी लावणार. सातवीत असताना तिने माझ्याकडून वचन घेतलं आहे, आणि अकरा वर्षं अमरावतीत बाई असून पौरोहित्य केलं ते अर्धवट हाताला भिऊन घरी बसण्यासाठी नाही.

अडचण एकच आहे. लग्नात बहुतेक कामं दुसऱ्यांच्या हातून होतात. आहुती जावई देईल, पाण्याची धार तुझी बायको सुभद्रा धरेल, अक्षता तर सगळा मांडवच टाकतो. पण बसल्यावर पहिलं आचमन माझं मलाच करावं लागतं. डाव्या हाताने पळी धरायची आणि उजव्या तळहातावर पाणी घ्यायचं. तळहाताला खळगा हवा, त्यात उडदाचा दाणा बुडेल इतकं पाणी राहायला हवं आणि तो हात ओठांपर्यंत यायला हवा. डाव्या हाताचं आचमन म्हणजे तोंड धुणं, असं मीच माझ्या विद्यार्थिनींना शिकवत आले. आता स्वतःसाठी सवलत कुठल्या तोंडाने मागू?

म्हणून उद्यापासून फिजिओच्या जोडीला सुया टोचून घेणार आहे. सुयांना तारा, तारांतून बारीक करंट. इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर. बडनेरा रोडवर डॉ. अपेक्षा म्हणून आहेत. ओरडायचं असेल तर लेखी ओरड.

तुझी ताई


अकोला, १७ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस मोरूचा नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून, एकदा वकील म्हणून. दोघांचंही मत विरुद्ध गेलं.

तू रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतेस आणि वर अंगात सुया टोचून घेणार, त्यातून करंट सोडणार. पुरावा काय? त्या डॉक्टरांनी तुला काय लिहून दिलं? माझ्याकडे आलेला एखादा अशील असं सांगता, तर मी त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग घरी पाठवलं असतं.

दुसरी गोष्ट सांगणार नव्हतो. अवनीच्या सासरच्या आजी परवा घरी आल्या होत्या. म्हणाल्या, ‘बाई लग्न लावणार ते आम्ही कबूल केलं. लुळ्या हाताची बाई लावणार, हे कुणी विचारलं नव्हतं.’ सुभद्राने चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवला, एवढंच उत्तर आमच्याकडून गेलं. मी गप्प बसलो. मुलीचा बाप आहे.

ताई, तुला कुणापुढे काय सिद्ध करायचंय? तू आत्या म्हणून पहिल्या रांगेत बस, मंगलाष्टकं म्हण. त्यात कमीपणा काय? अवनी काही बोलत नाही, पण ती तुझ्यासाठी झुरते आहे.

तुझा
मोरू


अमरावती, १२ नोव्हेंबर २०२४

चि. मोरोपंत वकीलसाहेबांस,

‘पुरावा काय’ हा तुझा प्रश्न मी डॉ. अपेक्षांना जसाच्या तसा विचारला. बोलायला वेळ लागला, पण त्यांनी वाक्य पूर्ण करून दिलं नाही, तिथेच मला त्या आवडल्या. म्हणाल्या, ‘उंदरांवर चांगलं दिसलंय. माणसांवरचे अभ्यास पुष्कळ आहेत, पण सगळे सारख्या तोलाचे नाहीत. गोळ्या आणि व्यायाम सोडून हे करणार असाल तर मी सुई हातात घेणार नाही. जोडीला करणार असाल तर करून पाहू.’ इतकं खरं बोलणाऱ्या व्यक्ती तुझ्या कोर्टात वर्षाकाठी किती येतात?

गोळीचं त्यांना ठाऊक आहे. बारीक सुया वापरतात, काढल्यावर बोटाने दाबून धरतात. तरी दोन ठिकाणी निळं पडतं. पडू दे.

आठवड्यातून तीन दिवस जाते. डोक्यावर डाव्या बाजूला दोन सुया. हातावर अंगठ्याच्या बेचक्यात एक, मनगटाच्या मागे एक, कोपराशी एक, खांद्याशी एक. मग चिमटे लावतात आणि करंटच्या डब्याचं बटण फिरवतात. बोटं आपली आपण उडू लागतात. सेकंदाला दोन ठोके, म्हणजे अनुष्टुभाला अगदी सोईची लय. मी पडल्या पडल्या गीतेचा एक अध्याय म्हणते आणि माझीच बोटं मला ताल देतात. त्यानंतर तासभर फिजिओ, तिथे ताल वगैरे काही नाही, तिथे नुसता घाम.

शेजारच्या खाटेवर नत्थुजी असतात. मूर्तिजापूरकडचे शेतकरी, वय साठ, डावा पाय गेलेला. पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याला उतरतात, सोबत पार्वताबाई आणि चार खणांचा डबा. पहिल्या दिवशी मला विचारलं, ‘मॅडम, तुमाले करंट येऊन राहिला का? माह्या पायात त फेजच कमी पडून राहिली.’ डॉक्टर बाहेर गेल्या तशी त्यांनी शेतातल्या मोटारीचा अनुभव वापरून बटण स्वतःच फिरवलं. पायाने असा झटका दिला, की स्टीलचा ट्रे भिंतीवर. पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या, ‘पाय सुदरला, डोक्सं तेवढं राह्यलं.’ दवाखान्यात एवढी हसले, की डॉक्टरांना वाटलं हाही लक्षणांपैकी एक प्रकार.

आता निकाल. अंगठा आणि पहिलं बोट हलतात. हात टेबलावरून चार बोटं वर येतो. तळहातावर उडदाचा दाणा ठेवला तर राहतो. पाणी राहत नाही, अजून हात पाटासारखा सपाट आहे. पण दोन महिन्यांपूर्वी तो हात माझा होता की शेजारणीचा, एवढंही कळत नव्हतं.

आजींना माझा नमस्कार सांग. लुळा शब्द त्यांनी वापरला ते ठीक, तू गप्प बसलास ते ठीक नाही. आणि पहिल्या रांगेत बसण्यासाठी मी आयुष्यात कधी तिकीट काढलेलं नाही. मी मांडवात बसते.

ताई


अकोला, १५ डिसेंबर २०२४

ताई,

तुला घरी सोडून आलो त्याला तीन दिवस झाले. अजून डोळ्यासमोर तूच आहेस. अकरा तारखेला दवाखान्यातून फोन आला, की सुया लावल्यावर दहाव्या मिनिटाला तू घामाने डबडबलीस, पांढरी पडलीस आणि शुद्ध हरपली. अकोल्याहून अमरावतीपर्यंत गाडीत मी काय काय ठरवलं ते लिहीत नाही. एमआरआयमध्ये नवीन काही निघालं नाही, हे मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठे मी सुभद्राला फोन केला.

तू खाटेवर डोळे मिटून पडली होतीस आणि मी काहीही विचारलं तरी मान हलवत होतीस. मी जास्त छळलं नाही. मी काय समजायचं ते समजलो.

दोन गोष्टी केल्या आहेत. एक, डॉ. अपेक्षांना नोटीस पाठवली आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला बेफिकिरीने विजेचा करंट दिल्याबद्दल खुलासा मागितला आहे. दोन, मूर्तिजापूरच्या गुरुजींशी बोलून सोळा फेब्रुवारी पक्की केली. ते चांगले आहेत, मितभाषी आहेत.

यावर वाद नको. आई गेली तेव्हा तू मला धरून बसली होतीस. आता तू अशी पडलीस, तर मला धरायला कुणी नाही.

मोरू


अमरावती, २१ डिसेंबर २०२४

मोरू,

नोटीस आज, हे पत्र पोचताच मागे घे. कारण खाली देते, आणि ते वाचताना मला ताई म्हणून वाचू नकोस, साक्षीदार म्हणून वाच. उलटतपासणी नत्थुजींनी आधीच घेतली आहे.

अकरा डिसेंबरला मोक्षदा एकादशी होती. गीताजयंती. चाळीस वर्षं मी ती निर्जळी करते, तुला माहीत आहे. सुया घ्यायच्या दिवशी पोटात काहीतरी हवं, असं डॉ. अपेक्षा पहिल्या दिवसापासून सांगतात आणि दर वेळी टोचण्याआधी विचारतात, ‘खाऊन आलात ना?’ त्या दिवशीही विचारलं. मी मान हलवली. सकाळची गोळी जेवणावर घ्यायची असते, म्हणून तीही घेतली नव्हती. सांगितलं असतं तर त्यांनी त्या दिवशीची सुई रद्द केली असती, आणि मला ना एकादशी मोडायची होती, ना सुई. दोन्ही हवं होतं. एका पुरोहिताने एकादशीच्या दिवशी, गीतेच्या जन्मदिवशी, खोटं सांगितलं. बेशुद्ध मी भुकेने पडले. करंट त्यांनी नेहमीपेक्षाही कमी ठेवला होता.

तू आलास तेव्हा मी मान का हलवत होते, ते आता कळलं असेल. तू बोलत गेलास आणि मला ते सोईचं पडलं.

गप्पच राहिले असते. पण काल चाचण्यांचे कागद दाखवायला दवाखान्यात गेले, तर नत्थुजी खाटेवर उठून बसले. त्या माणसाला हळू बोलता येत नाही. म्हणाले, ‘मॅडम, त्या पोरीच्या नावानं वकिलाची नोटीस आली. माह्या बायकोनं तुमाले डबा देल्ला, तुमी एकादशी हाये म्हनून वापस केला. आमी दोघं पाह्यत होतो. मंग तुमी काहून बोलून नाही राहिल्या?’ सगळा हॉल ऐकत होता. आयुष्यात मी शेकडो लोकांना प्रायश्चित्त सांगितलं असेल, मला सांगणारा हा पहिला.

तिथेच उभी राहून डॉ. अपेक्षांना सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. त्या रागावल्या नाहीत. माझ्या केसपेपरवर लाल पेनाने ‘जेवण्याबाबत शब्दावर विश्वास ठेवू नये’ असं लिहिलं. आता सुई लागण्याआधी मी त्यांच्यासमोर खायचं आणि पार्वताबाईंनी ‘खाल्लं’ म्हणायचं, असा नियम झाला आहे. माझ्या शब्दाची किंमत एवढीच उरली आहे आणि ती रास्त आहे.

पण माझा अपराध एवढाच, त्याहून जास्त नाही. मी खोटं बोलले म्हणून माझं आसन काढून गुरुजींना देता येणार नाही. मोठ्या डॉक्टरांची परवानगी आली आहे, सोमवारपासून पुन्हा सुया. गुरुजींना नकार कळव.

ताई


अकोला, २९ डिसेंबर २०२४

ताई,

नोटीस मागे घेतली. माफीचं पत्र स्वतः नेऊन दिलं, त्यासाठीच मंगळवारी अमरावतीला आलो होतो. तुझ्याकडे आलो नाही, कारण आलो असतो तर भांडलो असतो. डॉ. अपेक्षांनी पत्र वाचून घडी घातली आणि विचारलं, ‘तुमच्या घरात सगळेच असं जेवणाचं लपवतात का?’ मी नाही म्हटलं. खरं म्हणजे मीही शुगर तपासायला जाण्याआधी चहा घेऊन जातो.

गुरुजींना मात्र नकार कळवणार नाही. मांडवात तू बस, पण ते मागे राखीव असतील. मला भीती तुझ्या हाताची नाही. सगळ्यांसमोर तू पडलीस आणि अवनीने ते नटून बसल्या जागी पाहिलं, तर? तेवढा बापाचा हक्क मला दे.

आजींना मी अजून काही बोललो नाही. बोलेन.

मोरू


अमरावती, ३० जानेवारी २०२५

चि. मोरू,

राखीव गुरुजी कबूल. क्रिकेटमध्येही बारावा असतो, तो पाणी आणून देतो.

हाताची खरी हकीकत ऐक, कारण खोट्याची मला आता परवानगी नाही. कोपर वाकतं, हात तोंडाशी येतो, जरा वेड्यावाकड्या वाटेने. तळहाताला खळगा कधी पडतो, कधी पडत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपल्या मर्जीने उघडी राहतात आणि पाणी तिथून निघून जातं. दिवसाला साठ वेळा करते. साठातून वीस वेळा उडदाचा दाणा बुडतो. चाळीस वेळा पदर बुडतो. मैनाबाईने मला लहान मुलांचं लाळेरं आणून दिलं आहे, नवीन, त्यावर बदक आहे.

हे सुयांनी झालं, व्यायामाने झालं की नुसत्या दिवसांनी, असं डॉ. अपेक्षांना विचारलं. म्हणाल्या, ‘तुमच्या एकटीवरून मला सांगता येणार नाही. तिन्ही करत राहा.’ आणि हेही म्हणाल्या, की पहिल्या महिन्यांतला वेग आता राहणार नाही, सोळा तारखेचं वचन देत नाही. मी म्हटलं, वचन मी दिलंय, तुम्ही कशाला देता?

बरेच पुरोहित आपलं आचमन आत बाजूला बसून उरकतात आणि मग मांडवात येतात. सुभद्रानेही हळूच तसं सुचवलं. तिला सांग, नाही. मांडवात बसूनच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पाणी सांडलं तर सांडलेलं दिसेल. ज्यांना माझा हात लुळा म्हणायचा आहे त्यांनी तो नीट पाहून म्हणावं.

मोठ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या दिवशी मी खाऊन बसणार आहे. पार्वताबाई येणार आहेत साक्षीला, नत्थुजींसकट. त्यांच्या पानाची सोय कर, पुरणपोळ्या नत्थुजींना दोन लागतात असं त्या म्हणतात, आठ लागतात असं मी पाहिलं आहे.

ताई


अकोला, १९ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

घर रिकामं झालं. अवनीचा फोन येऊन गेला, ती मजेत आहे.

लग्न तू लावलंस, तेव्हा लग्नाचं वर्णन तुला काय लिहू. पण तू पूर्वेकडे तोंड करून बसली होतीस आणि तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. ते सांगायला हवं, कारण त्यात मी आहे.

मुहूर्त अकरा बावीसचा. तू पळी उचललीस तेव्हा अकराला वीस कमी होते आणि मांडव भरलेला होता. पहिल्यांदा पाणी बोटांतून गेलं, मांडीवरच्या शालीवर पडलं. दुसऱ्यांदाही गेलं. तेव्हा कुजबुज सुरू झाली. आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘गुरुजी आणलेत ना? मग बसवा त्यांना, कशाला हाल करता?’ गुरुजी जागचे हलले नाहीत. हललो मी. उठलो, दोन पावलं पुढे आलो. ‘ताई, मुहूर्त जाईल,’ असं म्हणालो.

तू मागे वळली नाहीस. एकेक शब्द सुटा करून म्हणालीस, ‘बस, मोरू. मुहूर्त मी काढलाय. तो कधी जातो ते मला माहीत आहे.’

आणि मग लागोपाठ तिन्ही वेळा पाणी तळहातावर राहिलं. केशवाय, नारायणाय, माधवाय. हात वेड्यावाकड्या वाटेने का होईना, ओठांपर्यंत गेला. आजी पुन्हा काही म्हणायला लागल्या, तर माझे ते मितभाषी गुरुजी म्हणाले, ‘आजी, बाईंचं आचमन चाललंय. मधे बोलत नाहीत.’ दिवसभरात ते बोललेलं एवढंच. माझ्या मागे नत्थुजी बायकोला म्हणाले, ‘पाह्य, बुडला दाना.’

ताई, मुहूर्ताला बेचाळीस मिनिटं होती. घड्याळ माझ्या हातात होतं. मी मुहूर्तासाठी उठलो नव्हतो. लोक पाहत होते म्हणून उठलो. तुझ्यासाठी भीती वाटते, असं मी चार महिने लिहीत आलो. ती भीती नव्हती, ती लाज होती. हे समोरासमोर बोलता आलं नसतं.

मोरू


अमरावती, २३ फेब्रुवारी २०२५

चि. मोरू,

तू कशासाठी उठलास ते मला पाठमोरीही कळलं होतं. पन्नास वर्षं तुझी पावलं ऐकते आहे, मुहूर्ताला निघालेली आणि लाजेने निघालेली मला वेगळी ओळखू येतात. त्याच क्षणी मला तुझा इतका राग आला, की मंत्र सोडून चार शब्द ऐकवावेत असं वाटलं. ते चारच ऐकवले.

काल दवाखान्यात हे सगळं सांगितलं. डॉ. अपेक्षा म्हणाल्या, राग आला की अशा हातात ताण चढतो आणि बोटं आत वळतात, पुष्कळांचं होतं. म्हणजे बघ, दोनदा पाणी गेलं ते करंगळी उघडी राहिली म्हणून. तू उठलास आणि ती मिटली. सव्वाचार महिने सुया खाल्ल्या, करंट घेतला, दिवसाला साठ वेळा लाळेरं भिजवलं, आणि खळगा पडला तो तुझ्यावर भडकल्यामुळे. हा उपाय तुम्ही शिकवला नव्हतात, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, याचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही.

येत्या दोन मार्चला बडनेऱ्याला वास्तुशांत घेतली आहे. त्या घरची माणसं म्हणत होती, हात पुरता बरा होईपर्यंत थांबू. मी म्हटलं, तुमचं घर थांबेल, मी थांबणार नाही. करंगळीचा अजून भरवसा नाही. तेव्हा तू ये, अगदी पुढे बस, आणि मी पळी उचलली की न विचारता उठून उभा राहा.

ताई